हिऱ्याशेजारचा पिरोजा

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात एक मुकुट आहे. डोकं झाकणारा नव्हे. कपाळाच्या वर केसांत खोवायचा, अर्धवर्तुळाकार, ज्याला टियारा किंवा डायडेम म्हणतात तो. चांदी आणि सोन्यात घडवलेल्या या दागिन्यात १००६ हिरे आहेत, सगळे मिळून सुमारे ७०० कॅरट. हिऱ्यांच्या वेलबुट्टीत बसवलेले ७९ पिरोजे, तेही जवळपास ५४० कॅरट भरतील. नेपोलियनने १८१० साली मारी लुईझशी दुसरं लग्न केलं, तेव्हाचा हा दागिना. घडवला पॅरिसच्या नितो पेढीने.

पण मारी लुईझने यातला एकही पिरोजा कधी पाहिला नव्हता. तिने घातला तेव्हा त्या ७९ घरांत पाचू होते. मुकुटाच्या जोडीला हार, कर्णभूषणं, कंबरपट्ट्याची चकती असा सगळा संच पाचूंचा आणि हिऱ्यांचा होता. मुकुट पुढे हाब्सबुर्ग घराण्यात हातोहात फिरला आणि १९५३ साली व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या पेढीने तो त्यांच्याकडून विकत घेतला. पेढीने काय करावं? पाचू उपसले आणि १९५४ ते १९५६ या दोन-तीन वर्षांत सुटे सुटे विकले. नेपोलियनच्या मुकुटातला पाचू म्हटल्यावर गिऱ्हाइकांना काय तोटा! कुणी अंगठीत बसवला, कुणी पिनेत. रिकाम्या राहिलेल्या घरांत मग १९५६ ते १९६२ या काळात इराणचे पिरोजे बसले. १९७१ साली मार्जरी मेरीवेदर पोस्ट या धनाढ्य अमेरिकन बाईंनी तो मुकुट घेऊन संग्रहालयाला दिला.

हार आणि कर्णभूषणं मात्र पाचूंसकट शाबूत राहिली. २००४ साली ती लूव्र संग्रहालयाने मिळवली. १९ ऑक्टोबर २०२५ला सकाळी चोरांनी लूव्रच्या अपोलो दालनात घुसून काही मिनिटांत जे राजदागिने पळवले, त्यांत ती होती. एका लग्नातल्या संचाचे खरे पाचू असे चोरीला गेले आणि ज्याला रसिक ‘बिघडवलेला’ म्हणून नाकं मुरडतात, तो पिरोजांचा मुकुट आपल्या काचेत स्वस्थ बसलेला आहे.

नाकं मुरडणाऱ्यांचं सगळंच चुकतं असं नाही. ऐतिहासिक वस्तूचे दगड असे उपसून विकणं ही दुकानदारीच. मला रुचते ती पुढची गोष्ट. पाचूंच्या जागी काय बसवावं असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी कमी प्रतीचे पाचू किंवा हिरवी काच घातली नाही, पिरोजा घातला. हिऱ्याच्या शेजारी बसूनही आपलं काम चोख करणारे अपारदर्शक दगड फार थोडे, आणि पिरोजा त्यांत पहिला. हिरा प्रकाश आत घेतो, फोडतो आणि तुकडे तुकडे करून परत फेकतो. पिरोज्याच्या आत प्रकाश जातच नाही. तो नुसता निळा असतो, शांत. त्यामुळे दोघांत स्पर्धा लागत नाही.

शब्दाचं म्हणाल तर फारसीत तो ‘फीरोजा’. ‘फीरोज’ म्हणजे विजयी, आणि जोडही त्याच्याशीच लावतात. मराठीत आल्यावर त्याचा पिरोजा झाला, पेरोज झाला आणि साड्यांच्या दुकानात फिरोजी रंगही झाला. सर फिरोजशा मेहतांचं नाव घेताना आपण हाच शब्द उच्चारतो, आणि पारशी घरांतल्या पिरोजाबाईंच्या नावातही तोच आहे. युरोपात मात्र त्याला ‘तुर्की दगड’ म्हटलं गेलं. तुर्कस्तानात तो निघत नव्हता. तुर्की व्यापाऱ्यांच्या हातून येत होता एवढंच. आपण नाही का शहाबादी म्हणून भलत्याच गावची फरशी घेत, तसला प्रकार.

निघत होता तो मुख्यतः इराणच्या खुरासानात, निशापूरजवळच्या डोंगरांत. तिथल्या खाणी दोन हजार वर्षांहून जुन्या आहेत. इजिप्तचे राजे त्याच्याही आधीपासून सिनाईच्या वाळवंटातून पिरोजा काढत होते, आणि तिथल्या सराबित अल-खादिमला हाथोर देवीचं देऊळ आहे. ही हाथोर ‘पिरोज्याची स्वामिनी’ म्हणून ओळखली जाई. पण हिऱ्याशेजारी बसवायला जो रंग लागतो, आकाशाचा निर्मळ निळा, मध्ये काळी रेघ नसलेला, तो निशापूरचा. तिथले व्यापारी मालाची प्रतवारी करत, त्यात अव्वल दर्जाला ‘अंगुश्तरी’ म्हणत: अंगठीत बसवण्याजोगा. अंगुश्त म्हणजे बोट. आपला अंगुष्ठ, अंगठा, अंगठी याच गोतावळ्यातले. सतराव्या शतकात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए लिहून गेला की, तिथे ‘जुन्या खडका’चा आणि ‘नव्या खडका’चा असे दोन माल आहेत आणि जुन्या खडकाचा उत्तम माल शाह स्वतःसाठी राखतो. नव्या खडकाचा रंग टिकत नाही, अशी तक्रार त्या काळी होती.

ही तक्रार आपण नीट समजून घेतली पाहिजे, कारण पिरोज्याची सगळी कहाणी तिच्यात आहे.

हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. काठिण्याच्या दहाच्या मोजपट्टीवर दहा. पिरोजा हे तांबं आणि ॲल्युमिनियमचं फॉस्फेट, आणि त्याच्या रचनेतच पाणी बांधलेलं असतं. काठिण्य पाच ते सहा, म्हणजे खिडकीच्या काचेइतकं. आपल्या घरातल्या धुळीत वाळूचे, म्हणजे गारगोटीचे कण असतात. त्यांचं काठिण्य सात. फडक्याने जोरजोरात पुसला तरी पिरोज्याची झिलई जाते ती यामुळे. निळाई तांब्याची. ॲल्युमिनियमच्या जागी लोह शिरलं की रंग हिरव्याकडे झुकतो. तापवला, फार कोरडा पडला, की आतलं पाणी निघू लागतं आणि रंग फिका, मळकट, हिरवट होत जातो.

आणि मुख्य म्हणजे तो सच्छिद्र आहे. भिंतीवरच्या गिलाव्यासारखा, पण बारीक. जे लागेल ते पितो. घाम, साबण, अत्तर, मलम, हळद. आपल्याकडे ज्योतिषाच्या सांगण्यावरून बोटात पिरोजा घालणारे पुष्कळ असतात आणि वर्षभरात ‘खडा हिरवा पडला, म्हणजे संकट त्याने आपल्यावर घेतलं’ असं समाधानाने सांगतात. संकट बहुधा खोबरेल तेलाचं असतं. रोज डोक्याला तेल चोळणाऱ्या हातातला पिरोजा निळा राहिला तर ते नवल.

तेलावरून हिऱ्याची एक गंमत आठवते. हिऱ्यालाही तेलाची, चरबीची फार ओढ असते. पाणी त्याच्यावर ठरत नाही, पण चरबी चिकटते. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याचाच उपयोग करून घेतला गेला. दळलेला खडक पाण्याबरोबर चरबी थापलेल्या उतरत्या टेबलांवरून सोडायचा. बाकीचे खडे वाहून जातात, हिरे चिकटून बसतात. म्हणजे एकाच तेलाचे दोघेही भोक्ते. पण हिऱ्याला ते नुसतं वरून माखतं, पुसलं की तो जन्मला तसा. पिरोजा ते आत मुरवतो आणि परत देत नाही.

म्हणूनच दोन्ही रत्नं जडवलेला जुना दागिना हातात आला की माणसं हिऱ्यांकडे बघतात, पण दागिन्याने काढलेले दिवस पिरोज्यात दिसतात.

ही गोष्ट लोकांच्या कधीच ध्यानात आली होती, फक्त त्यांनी तिचा अर्थ वेगळा लावला. सम्राट दुसऱ्या रुडॉल्फचा वैद्य बोएशियस द बूट याने १६०९ साली रत्नांवर ग्रंथ लिहिला. त्यात तो घरचीच हकिकत सांगतो. एका स्पॅनिश गृहस्थाच्या बोटात तीस वर्षं सुरेख पिरोजा होता. तो वारला, त्याच्या वस्तू विकायला निघाल्या, तेव्हा खडा एवढा विटला होता की कुणी हात लावेना. द बूटच्या वडिलांनी तो स्वस्तात घेतला आणि मुलाला देऊन टाकला. मुलाने अंगठीत बसवून वापरायला सुरुवात केली, तर महिन्याभरात रंग परतला. पुढे एका रात्री तो घोड्यासकट उंचावरून खाली पडला, स्वतः सहीसलामत राहिला, आणि सकाळी पाहिलं तर पिरोज्याला चीर! घोडेस्वाराला पडण्यापासून पिरोजा वाचवतो ही समजूत युरोपात पक्की होती, तिला असा वैद्याचा दाखला मिळाला. आज वाचताना वाटतं, कोरड्या पडलेल्या सच्छिद्र दगडाला हाताचा ओलावा मिळाला, एवढीच ती जादू. पण वैद्याने पाहिलं ते खोटं पाहिलं नव्हतं. तिबेटातही पिरोजा जिवंत मानतात, त्याच्या रंगावरून धारण करणाऱ्याची तब्येत ओळखतात. लडाखी बायकांचा ‘पेराक’ हा डोक्यावरून पाठीपर्यंत उतरणारा नागफणीसारखा साज पिरोजांनी मढवलेला असतो आणि तो आईकडून थोरल्या लेकीकडे जातो. त्यातले खडे निळ्यापासून हिरव्यापर्यंत सगळ्या छटांचे असतात, आणि त्याचं कुणाला वावगं वाटत नाही.

युरोपला मात्र हिरवा झालेला पिरोजा नको होता. त्याला हवा होता निळा, कारण त्याने त्या निळ्यावर एक अर्थ चढवला होता. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये शायलॉकची मुलगी घरातून पळताना जी अंगठी नेते, ती पिरोज्याची, शायलॉकला त्याच्या दिवंगत बायकोने लग्नाआधी दिलेली. अख्ख्या नाटकात त्या माणसाबद्दल प्रेक्षकाचा जीव कुठे हलत असेल तर तो तिथे. पिरोजा तेव्हाही वाग्दानाचा दगड होता. एकोणिसाव्या शतकात त्यात फुलांची भाषा मिसळली. फर्गेट-मी-नॉट नावाचं इवलं निळं फूल असतं; नावातच ‘विसरू नकोस’. पाच पिरोजांच्या पाकळ्या, मधोमध एखादा हिरा, की झालं सोन्याचं फर्गेट-मी-नॉट. बायका ते ब्रोचवर, बांगडीवर, लॉकेटवर मिरवू लागल्या. लॉकेट उघडलं तर आत काचेखाली केसांची बट, जिवंत माणसाची किंवा गेलेल्या माणसाची.

१० फेब्रुवारी १८४० रोजी राणी व्हिक्टोरियाचं लग्न झालं. तिच्या झग्याचा लांबलचक घोळ सांभाळणाऱ्या बारा करवल्या होत्या. प्रत्येकीला भेट मिळाली ती गरुडाच्या आकाराची पीन. तिचं चित्र स्वतः नवरदेवाने, आल्बर्टने, काढून दिलेलं. गरुडाचं अंग पिरोजांनी गच्च भरलेलं, डोळे माणकांचे, चोच हिऱ्याची, पंजांत धरलेले मोती. त्या काळच्या संकेतांप्रमाणे पिरोजा म्हणजे खरं प्रेम, माणिक उत्कटता, हिरा चिरंतनता. सुंदर म्हणवत नाही हो ती पीन. थोडी अवघडलेली आहे, आणि माणिक-डोळ्यांचा तो पक्षी करवलीपेक्षा पहारेकऱ्याला शोभेल. पण बारा घरांत ती वस्तू गेली आणि पिरोज्याची जी हवा झाली, ती पुढे दोन पिढ्या टिकली.

त्याच दशकातले नागांचे हार तर अप्रतिम. सोन्याची लवचीक, खवल्याखवल्यांची साखळी हा नागाचा देह. फणा पिरोजांनी मढवलेला, माथ्यावर हिरा, डोळे लाल खड्यांचे, आणि तोंडात धरलेला बदामाच्या आकाराचा लोलक. शेपटी तोंडाशी येऊन मिळते म्हणून तो अनंताचं चिन्ह. व्हिक्टोरियाची वाङ्‌निश्चयाची अंगठीही नागाचीच होती. आपल्याकडे नवऱ्या मुलीला गळ्याभोवती नाग घालायला दिला असता, तर सासरी काय बोलणी झाली असती याचा विचार मनात येतो खरा.

पिरोजा एवढा लाडका होण्यामागे प्रेमाखेरीज हिशेबही होता. नेपोलियनच्या युद्धांनंतर युरोपात सोनं महाग झालं होतं. कॅलिफोर्नियात १८४८ला आणि ऑस्ट्रेलियात १८५१ला सोनं सापडेपर्यंत सोनारांना थोडक्या धातूत दागिना मोठा दाखवायचा होता. त्यांनी तारकाम आणलं, पातळ पत्र्याचे ठसे आणले. पण पोकळ, हलक्या दागिन्याला भरगच्च करायचं तर रत्नं लागतात, आणि हिऱ्यांनी भरायचं तर घर विकावं लागेल. पिरोजे छोटे, घुमटाकार घासून एकमेकांना चिकटून फरसबंदीसारखे बसवले की दोन तोळ्यांचा दागिना दहा तोळ्यांचा दिसतो. मधून एक-दोन हिरे पेरायचे, जेणेकरून मेणबत्तीच्या उजेडात डोळा तिथे जावा.

या सगळ्या डामडौलापासून लांब, एक साधी सोन्याची अंगठी आहे. अंडाकृती पिरोजा, हिरा नाही, नक्षी नाही. ती इंग्रज लेखिका जेन ऑस्टेनची. तिच्यामागे बहिणीकडे, मग कुटुंबात राहिली. २०१२ साली लिलावात अमेरिकन गायिका केली क्लार्कसनने ती दीड लाख पौंडांहून जास्त बोली देऊन घेतली, तेव्हा ब्रिटिश सरकारने अंगठी देशाबाहेर न्यायला तात्पुरती मनाई केली. लोकांनी देणग्या दिल्या आणि २०१३मध्ये ती चॉटनच्या ऑस्टेन संग्रहालयात आली. सोनं आणि खडा मिळून किंमत किती, हा प्रश्न तिथे कुणाच्या डोक्यात आला नाही.

जुना दागिना खरोखर जुना आहे का हे पाहायचं तर पालथा करावा. हिरे त्या काळी चांदीत बसवत, कारण पांढऱ्या धातूत हिरा पांढरा दिसतो. प्लॅटिनम अजून सोनारांच्या हातात रुळलं नव्हतं. पण चांदी काळी पडते, कपडा आणि कातडी डागाळते, म्हणून तिच्या पाठीला सोनं. पिरोज्याला उलट पिवळं सोनंच खुलतं. त्यामुळे एकाच दागिन्यात दर्शनी बाजूला दोन धातू दिसतात. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात पुष्कळदा जडण मागून बंद असायची, आणि हिऱ्याखाली चकचकीत वर्ख, आपले जुने जडिये ज्याला डांक म्हणत तो, घातलेला असे. अशा दागिन्यात पाणी शिरलं की वर्ख काळवंडतो आणि हिरा मेल्यासारखा दिसतो. हिऱ्याचं काही बिघडलेलं नसतं. हिऱ्यांचे पैलूही बोलतात: तळ सपाट आणि वर घुमटावर त्रिकोणी पैलू असा ‘रोझ’ घाट, किंवा जाडसर, चौकोनाकडे झुकणारा जुना ब्रिलियंट घाट. हाताने पाडलेले म्हणून एकासारखा दुसरा नसतो. इंग्रजी दागिन्यावर सोन्याचा १५ कॅरटचा शिक्का असेल तर तो १८५४ ते १९३२ या दरम्यानचा, कारण तो कस तेवढाच काळ कायद्यात होता.

खोटेपणाही जुना असतो, बरं का. फ्रान्सच्या दक्षिणेकडे गेर भागात जमिनीत प्राचीन हत्तीकुळातल्या प्राण्यांचे अश्मीभूत दात सापडतात. ते भट्टीत तापवले की निळे होतात. मध्ययुगापासून तिथले मठवासी हे करत आणि तो माल पिरोजा म्हणून चर्चच्या सोन्याच्या कामात बसे. रेओम्यूर या शास्त्रज्ञाने १७१५ साली त्यावर लिहिलं आहे. निळाई कुठून येते याचा नीट उलगडा मात्र एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला: दातातल्या मँगनीजमुळे. तांबं औषधालाही नाही. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच दागिन्यांत हे दात अजून पिरोजा म्हणून बसलेले आहेत, आणि भिंगाखाली त्यांच्यात दाताच्या रेषा दिसतात. तसली वस्तू कुणी मला स्वस्तात दिली तर मी आनंदाने घेईन. आजचा खोटा माल यापुढे अगदीच गरीब: रंगवलेला पांढरा दगड, नाहीतर पिरोज्याचा चुरा आणि राळ.

भारतात पिरोजा बाहेरूनच आला, हिरा मात्र इथलाच. ब्राझीलमध्ये १७२५च्या सुमारास खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवले ते प्रामुख्याने भारताने, आणि त्यातली नामांकित कोल्लूरची खाण कृष्णाकाठची. त्याच कृष्णेच्या, जी महाबळेश्वरला उगम पावते. आपल्या कारागिरांना दोन्ही दगड एकत्र बसवायची एक सोय आपोआप लाभली होती. कुंदनाच्या कामात अतिशुद्ध सोन्याच्या मऊ पट्ट्या खड्याच्या कडेने नुसत्या दाबून बसवतात. सोनं इतकं शुद्ध असतं की थंड असतानाच एकजीव होतं. खड्याजवळ आग न्यावी लागत नाही.

युरोपीय पद्धतीच्या दागिन्यात ही सोय नाही, आणि दुरुस्तीच्या वेळी ती उणीव जाणवते. कडी तुटली, टाका निघाला, की झारण आलं, झारण म्हणजे ज्योत. जाणता सोनार आधी जवळचे पिरोजे उपटून बाजूला ठेवतो. घाईतला सोनार तसाच ज्योत लावतो. हिरे त्यातून निभावतात आणि पिरोजा डोळ्यांदेखत राखी-हिरवा होतो. मग बाजारातून नवा आणून बसवला जातो. शंभर-दीडशे वर्षांच्या पिनेत तीस पिरोजे थोडे हिरवटलेले, मवाळ झालेले, आणि मध्येच एक कडक निळा दिसला, तर पीन उलटी करून त्या खड्याच्या मागे बघावं. डाग तिथेच सापडतो.